दुसरा शब्द

"सर, हे काय आहे?"

चित्रात कप होता. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी ते चित्र बाबांच्या नाकासमोर धरलं आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. "क... क..."

"च्यायला," बाबा अगदी नम्रपणे म्हणाले.

दारात उभ्या असलेल्या थोरलीने डोळे मिटून घेतले. अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून वडिलांकडे एवढा एकच शब्द शिल्लक होता. सगळी हयात मुख्याध्यापकीत गेली, इस्त्रीचा शर्ट आणि शुद्ध बोलणं यापलीकडे ज्यांनी कसली चैन केली नाही, त्यांच्या तोंडात नेमका हाच उरावा, याला काय म्हणायचं. भूक लागली की च्यायला, पाठ खाजली की च्यायला, डॉक्टर आले की हसून च्यायला. भेटायला येणारे तोंडाला रुमाल लावून हसून घ्यायचे आणि जाताना थोरलीला सांगायचे, "खचू नकोस हं. काही लागलं तर हक्काने सांग." एका काकांना तिने खरंच सांगितलं, तासभर बसता का म्हणून. त्यांना नेमकं तेवढ्यात कुठेसं जायचं होतं.

बाईंनी चित्रं पिशवीत भरली आणि थोरलीला बाहेरच्या खोलीत घेतलं.

"खरं सांगू का, आता मी यायचं थांबावं म्हणते. दुसरा एक जरी शब्द आला असता ना, तर त्याचं बोट धरून पुढे गेलो असतो. आता सरांना नुसता त्रास होतोय."

"दुसरा म्हणजे कुठला?"

"कुठलाही. पण त्यांचा त्यांना सुचलेला."

थोरलीने मान हलवली. रडू आलं नाही. रडायलासुद्धा सवड लागते. वॉशिंग मशीन मधेच बंद पडलं होतं, आत सकाळच्या ओल्या चादरी होत्या आणि त्याचं दार काही केल्या उघडत नव्हतं. गॅसवर सूप खाली लागत होतं. ऑफिसातून साहेबांचा पुन्हा निरोप आला होता, आजचं काम आजच हवंय आणि कालचंही आजच हवंय. एकट्या माणसाने पुरायचं तरी कुठे कुठे. बाई चपला घालत होत्या, त्यांना "बरं" म्हणून ती गॅसकडे धावली.

ती वाटी घेऊन बाबांजवळ बसते न बसते तोच फोन वाजला. धाकटा भाऊ. हात मोकळा नव्हता म्हणून तिने कोपराने स्पीकर लावला.

"ताई, मी पाठवलेला व्हिडिओ बघितलास?"

"कसला?"

"अगं, ताण कसा घालवायचा त्याचा. फार छान सांगितलंय. नाकाने श्वास घ्यायचा, तोंडाने हळूहळू सोडायचा. आणि रोज थोडा वेळ फक्त स्वतःसाठी काढायचा. तू ना, स्वतःकडे बघतच नाहीस."

थोरलीने वाटी खाली ठेवली. नाकाने श्वास घेतला. तोंडाने सोडला तो मात्र हळूहळू वगैरे काही नव्हता.

"च्यायला, वेळ काढ म्हणे. कुठून काढू रे? चादरी तू धुणार? बाबांना कुशीवर तू वळवणार? तिकडे बसून सल्ले द्यायला काय जातंय तुझ्या बापाचं?"

असलं काही तिच्या तोंडून जन्मात निघालं नव्हतं.

"भाषा."

आवाज पलंगावरून आला होता. बाबांचा अर्धा चेहरा लोंबतच होता, पण उरलेल्या अर्ध्यावर जुने मुख्याध्यापक हजर होते. डाव्या हाताचं एक बोट वर गेलं होतं.

"ताई, कोण बोललं ते?"

तिने फोन बंद केला.

"बाबा, काय म्हणालात? परत म्हणा."

बाबांनी ओठ हलवले. शोध शोध शोधलं. हातातून काहीतरी निसटत चालल्यासारखं बोट हळूहळू खाली आलं.

"च्यायला," ते म्हणाले आणि ओशाळले.

थोरली खिडकीकडे पळाली. बाई फाटकापाशी पोचल्या होत्या. "बाई, वर या. आत्ताच्या आत्ता या."

बाई धापा टाकत वर आल्या.

"आला," थोरली म्हणाली. "दुसरा शब्द आला. मी या कानांनी ऐकला."

बाईंनी बाबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. विस्कटलेले केस, कालचाच ड्रेस, हाताला सूप. त्या तिच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "अगं, माणूस फार दमला की असं ऐकू येतं कधी कधी. तू आधी जरा आडवी हो."

"मला भास झालेला नाही."

"बरं. मग म्हणवून दाखव."

थोरलीने पुढे होऊन खिडकी लावली. पलंगासमोर ताठ उभी राहिली, शाळेत धडा म्हणायला उभी राहायची तशी.

"बाई, माफ करा हं," ती म्हणाली. मग बाबांच्या डोळ्यांत डोळे घालून, रस्त्यात एकदा ट्रकवाल्याच्या तोंडून ऐकलेली शिवी तिने अगदी स्वच्छ उच्चारात, एकही अक्षर न गाळता हासडली.