पाठीवरची बीबी

“मी इथूनच परत फिरतो. धुकं आहे तोवर डोंगर ओलांडा, पलीकडे गाडी उभी असेल,” ओढ्याशी थांबून दलाल हेमन म्हणाला. “आणि ही म्हातारी. लेकीकडे निघालीय, पण गुडघे गेलेत. न्या, नाहीतर सोडा. तुमचं तुम्ही बघा.”

तो धुक्यात दिसेनासा झाला. म्हातारी दगडावर बसून दोघांकडे बघत राहिली.

चमन नौरोजच्या कानाशी लागला. “हिला घेणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. दोनदा धरून हाकललंय आपल्याला. आता धरलं तर थेट काबूल!”

अफगाणिस्तानातल्या बामियानचे हे मावसभाऊ इराणमधून चोरून सीमेपलीकडे, तुर्कस्तानातल्या वान शहरात कामाला निघाले होते. धुकं विरलं की वरच्या चौकीवरून मुंगीसुद्धा दिसते. नौरोजही घाबरला होताच. पण त्याने खाली बसून पाठ पुढे केली.

“चढ, बीबी.”

“या अल्ला, नुसती हाडं! आई जेवायला घालत नव्हती का रे?”

सरळ घळीतून जाणं जवळचं होतं. पण बीबीला घळीतले धक्के सोसेनात. “डावीकडून ने. गवत आहे तिथे.” थोडं वर गेल्यावर तिला खडकाआड बसायचं होतं, आत्ताच्या आत्ता. दोघे पाठ फिरवून उभे राहिले. तेवढ्यात घळीतून शिपायांचे आवाज आले आणि खाली उतरत गेले.

“नशीब बलवत्तर,” चमन पुटपुटला.

पुढच्या चढाला बीबी त्याच्या पाठीवर होती. बीबीने मागून त्याचे कान धरले आणि चौकशी सुरू केली. लग्न ठरलं का, पोरगी दिसायला कशी, भात करपवत नाही ना? चमनला हसू आवरेना. हसणारा माणूस रागावणार तरी किती?

धुकं विरळ व्हायला लागलं तोवर खिंड मागे पडली होती. खाली झाडीत गाडी दिसली. नौरोजला आनंदाने रडूच फुटलं. चमनने तर बीबीसकट गिरकी घेतली.

“आधी हिला लेकीच्या घरी पोचवायचं,” त्याने ड्रायव्हरला बजावलं. “मग आम्ही.”

ड्रायव्हर त्याच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला, “आई, हेमनचा फोन होता. उद्या डोंगर ओलांडणारी दोघं त्याच्या घरी येऊन बसलीत. वाट तुझ्याशिवाय कोण दाखवणार?”

“निघाले, निघाले!” बीबीने चमनच्या पाठीवरून टुणकन उडी मारली आणि शेळीसारखी चढणीला लागली. “त्याला सांग, या खेपेला गुडघे नकोत. कंबर म्हणावं!”