मागचा आवाज

तिसराही सीडी प्लेअर मुकुंदरावांनी बाजूला सारला. "यातही येत नाही हो. थोडा वरचा दाखवा."

"काका, परवडणाऱ्यातला हाच उत्तम. तुमचं गाणं किती स्वच्छ वाजतंय!" दुकानदार म्हणाला.

"माझं गाणं काय करायचंय? मी गायचो तेव्हा आमची ही शेजारी बसून मांडीवर ताल धरायची. मागे तिच्या बांगड्या वाजतात. ती गेल्यापासून तेवढंच ऐकायचंय."

दुकानदाराने दुकानातला सर्वांत महागडा प्लेअर जोडला, कान देऊन ऐकलं आणि हळूच आवाज कमी केला. "कॅसेटवरून सीडी करताना खरखर काढायला सांगितली होतीत?"

"हो. तेव्हा ही घरातच होती ना!"

"त्यात मागचं सगळंच पुसलं गेलंय, काका. पण कॅसेट असेल की. परत करून घेऊ."

मुकुंदरावांनी मान खाली घातली. सीडी आली त्याच दिवशी, आता कॅसेट काय कामाची म्हणून, त्यांनी आतली फीत ओढून काढली होती आणि पाखरं बसू नयेत म्हणून परसातल्या पेरूवर गुंडाळली होती.

दुसरं टोक तिनेच धरलं होतं.