नवाब चले चाँद पर

"चला, चला! नावं चुकली की निम्मा पिक्चर गेला!" अप्पा सरकत्या जिन्यावरसुद्धा भराभरा पायऱ्या चढत होते. त्यांच्या मागे अनघा आणि तिच्या मागे चांगलं अंतर राखून विपुल.

अनघाला हसूही येत होतं आणि काळजीही वाटत होती. आई गेल्यापासून विकास नगरच्या घरातून अप्पा हलायला तयार नसत. गेला आठवडाभर तर दुपारचा फोनही उचलत नव्हते. झोपून राहत असतील, तिला वाटायचं. आणि आज बघावं तर चिकनकारीचा नवा कोरा कुर्ता, वर अत्तर! जणू वरबापच.

विपुलची गुवाहाटीला बदली झाली होती. उद्या संध्याकाळची गाडी. "जाण्याआधी तिघं मिळून एक पिक्चर बघू, एवढं म्हाताऱ्याचं ऐका," असं अप्पांनी दोघांना वेगवेगळे फोन करून सांगितलं होतं. वेगवेगळे, कारण बहीण-भावात दोन वर्षं शब्द नव्हता.

भांडणाचं कारण म्हणाल तर मंडळाच्या गणपतीतलं नाटक. अनघा नायिका, विपुल विंगेत प्रॉम्प्टर. पठ्ठ्यानं एकदम दोन पानं उलटली आणि अनघा दुसऱ्याच अंकात मेली! प्रेक्षक हसून लोटपोट. पडदा पडल्यावर ती सगळ्या मंडळासमोर त्याला गाढव म्हणाली, आणि तो जो निघून गेला तो गेलाच. त्यानंतरच्या भाऊबीजेला, भाऊ त्याच शहरात असून, जानकीपुरमच्या आपल्या घराच्या गच्चीवर तिनं चंद्राला ओवाळलं. पुढच्या वर्षीही तेच. आता गुवाहाटी म्हणजे संपलंच की!

दाराशी मिशाळ गेटकीपरनं अप्पांना हसून सलाम ठोकला. लखनौच ते, इथं सलामाला काय तोटा?

"पिक्चर कसला आहे, ते तरी विचारलंत का कुणाला?" अनघानं विचारलं.

"अगं, अंतराळ आहे, साहस आहे, विनोद आहे! नाव काय, 'नवाब चले चाँद पर'! आणखी काय हवं?"

अनघानं कपाळाला हात लावला. रेल्वेच्या पुलांवर जन्म काढलेला हा माणूस. ट्रायल घेतल्याशिवाय कधी गाडी सोडली नाही. तिच्या लग्नात वरातीच्या आदल्या दिवशी रिकामी घोडी मांडवापर्यंत चालवून बघितली होती! आणि आता नुसत्या नावावर तिकिटं काढून मोकळे. वय होतं माणसाचं, दुसरं काय.

मध्ये अप्पा, दोन बाजूंना दोघं, असे बसले. दिवे गेले आणि अप्पा उठले. "गुडघा अवघडतोय रे. विपुल, तू इकडे ये, मला कडेला बसू दे." झालं! विपुल शेजारी येऊन बसला. अनघानं मान ताठ करून पडद्यावर नजर रोवली.

पिक्चर असा भिकार, की विचारू नका. नवाबसाहेबांचं यान म्हणजे चांदीचा कागद गुंडाळलेला पाण्याचा टँकर. परग्रहावरच्या राक्षसाच्या पाठीवरची चेन स्पष्ट दिसत होती. विनोद झाला की पडद्यावरचेच लोक हसत, थिएटरात कुणी नाही. अप्पा मात्र खुर्चीच्या टोकावर येऊन, डोळे मोठे करून बघत होते. अनघाला त्यांची फार दया आली.

मग खडखडत यंत्रमानव आला.

"आपला जुना कूलर," विपुल स्वतःशीच पुटपुटला.

अनघानं ओठ आवळले. यंत्रमानवानं घुर्रर्र केलं आणि नवाबाच्या तोंडावर पाणी उडवलं.

"सेम आवाज, यार! आईनं भंगारात दिला, तो यांनी घेतला."

फस्सकन हसूच फुटलं तिला. "गवत बदलायला झालंय त्याचं," ती म्हणाली आणि जीभ चावली. पण आता काय उपयोग? लहानपणी टीव्हीसमोर गादी टाकून दोघं असलेच पिक्चर सोलून काढायचे, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची. मध्ये दोन वर्षं गेलीच नव्हती, असे दोघं सुटले. राक्षसाची चेन, नवाबाची सुटती मिशी, कुणाला सोडलं नाही.

"शूः! गप्प बसा रे, रंगात आलाय!" अप्पा दटावत. की पुन्हा खुसखुस.

यान एकदाचं चंद्राकडे निघालं. पडदाभर चंद्र पसरला, पुठ्ठ्याचा, एका कोपऱ्यात सोललेला. विपुल तिच्याकडे झुकला. मग हळूच म्हणाला, "ताई, बघ. तुझा भाऊ आला."

अनघाला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून वाहायला लागले. "त्याला ओवाळलं तरी ओवाळणी टाकत नाही मेला," ती कशीबशी म्हणाली आणि तिनं विपुलच्या पाठीत एक धपाटा घातला. विपुलनं तिचा हात तसाच धरून ठेवला.

बाहेर आले तेव्हा अप्पा रुमालानं डोळे पुसत होते.

"रागावलात?" अनघानं विचारलं. " इतक्या हौसेनं आणलंत आणि आम्ही टिंगल केली."

"छे गं. मला आवडला."

"अप्पा, पुढच्या खेपेला मी चांगला निवडीन, प्रॉमिस," विपुल म्हणाला. "ताई, उद्या स्टेशनवर येशील ना? आणि पराठे नकोत, थालीपीठ आण."

"आणीन, गाढवा!" ती म्हणाली, आणि दोघंही पोट धरून हसली.

तेवढ्यात अप्पांना चष्म्याचं घर आठवलं. अनघा धावत परत गेली. मिशाळ गेटकीपर ते हातात घेऊनच उभा होता.

"बिटिया, बाबूजी का है न? पहचानते हैं हम. हफ्ते भर से रोज दोपहर को आते थे, एक-एक पिक्चर देखते, और मुँह लटकाकर निकलते. कहते, 'अच्छी है भाई, बच्चे चुपचाप देखते रह जाएँगे.' कल ये वाली देखी, तो बाहर आकर हमें गले लगा लिया!"