फोटोतली चावी

भिंतभर चाव्या लटकत असताना चावीवाल्याच्या लेकीने दुकानाच्या वेबसाइटसाठी चावीचा फोटो मात्र इंटरनेटवरून उचलला. फोटो आमच्या अशिलाचा, अशी वकिलांची नोटीस आली. मागितलेली भरपाई दुकान विकूनही फिटली नसती. तेव्हापासून चावीवाला बेचैनीत चांगल्या चाव्या बिघडवत होता. “बाबा, त्यांना विचारा, फोटो तुमचाच कशावरून?” लेक सारखी बजावत होती. तेवढ्यात फोन वाजला. “ऑफिसची चावी हरवली, कोट आत राहिलाय, कोर्टात पोचायचंय.” नोटिशीवाले तेच वकील; त्यांच्या मोबाइलवर दुकानाची वेबसाइट उघडीच होती, नंबर तिथलाच. चावीवाला पोचला आणि कुलपात तार घालण्याआधी धंद्याच्या नियमाने म्हणाला, “साहेब, ऑफिस तुमचंच कशावरून?” “कागद आत आहेत.” “मग उघडतो. फोटोचे कागदही आतच असतील. दोन्ही एकदमच दाखवा.” वकिलांनी घड्याळ पाहिलं, दार पाहिलं, कुलपाशी टेकलेली तार पाहिली. “राहू द्या,” ते म्हणाले, “कोर्टात बिनकोटाचाच जातो.”