येसूबाई कुणाला लागते?

कुणाचाच विश्वास बसणार नाय, तरी वीर स्टेशनच्या रिक्षावाल्यांना मी हे सांगितलंच.

माझी नात दर्शना कापडे गावातल्या आमच्या घरी बसून रुबी भाषेत प्रोग्राम लिहायची. तिने कॉम्प्युटरला बारा लायब्रऱ्यांची, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार प्रोग्रामांची यादी दिली, उतरल्या तेरा. तेरावीचं नाव येसूबाई. माझ्या बायकोचं!

तिच्यापायी प्रोग्राम अडला, नोकरी जायची वेळ आली. ही कुणाला लागते, दर्शनाने कॉम्प्युटरला विचारलं.

उत्तर आलं: दर्शनाला.

"काढू नको गो! तूच सांगतेस, खालची लायब्ररी काढली की तिच्यावर उभं असलेलंही लोड होत नाय."

"काम आज पोचवणारच, आजोबा." तिने येसूबाई काढली.

प्रोग्राम चालला. समोरची दर्शनाची खुर्ची रिकामी होती.

रिक्षा पुसणाऱ्या दत्तारामने मान वर केली. "खोटं बोलता, तात्या! तुमचं लग्नच कुठं झालंय?"