खुणांच्या बाई

"मुलांच्या शिक्षणाचा पैसा व्हाउचर म्हणून थेट आम्हाला द्या, शाळा आम्ही निवडू," असं शिवणकाम करणारी आई सभेत तावातावाने बोलली होती. तिची लेक बहिरी होती. तिच्या सरकारी शाळेचं छत गळत होतं. व्हाउचर मिळालं. खासगी शाळेच्या मुख्याध्यापकांनी मुलीला चॉकलेट दिलं. "गोड आहे हो! पण खुणांची भाषा येणारं आमच्याकडे कोणी नाही." आई लेकीला घेऊन तडक जुन्या शाळेत आली. तिथे खुणांची भाषा शिकवणाऱ्या बाई कपाट आवरत होत्या. "बरीच मुलं व्हाउचर घेऊन गेली, त्यांच्याबरोबर निधीही गेला. माझी जागाच बंद झाली." "मग हिला घालू तरी कुठे, बाई?" मुलीने बाईंकडे बघत भराभर बोटं नाचवून काहीतरी विचारलं. आईला उमगेना. "काय म्हणतेय?" "म्हणतेय, तुम्हीही माझ्याबरोबर नव्या शाळेत येणार ना?" बाईंचे हात हलेनात.