तिसरा पक्ष

आईच्या चहावर साय धरली होती. ती सोफ्यावर होती. मी आणि धाकटा भाऊ तिच्याच जेवणाच्या टेबलाशी बसून, तिने यापुढे कोणाकडे राहायचं यावर वाद घालत होतो. उन्हाळा कोणाकडे आणि हिवाळा कोणाकडे, इथेच वर्षभर घोडं अडलं होतं.

मी परराष्ट्र धोरणाची प्राध्यापक. वादग्रस्त प्रदेशातल्या माणसांना आधी विचारा, या एका वाक्यावर माझी अख्खी कारकीर्द उभी आहे.

"ताई, तुमच्या परिषदांत असं अडलं की काय करता गं?" धाकट्याने विचारलं.

"जेवणाची सुट्टी घेतो."

 

आई म्हणाली, "मी माझं घर सोडून कुठेही येणार नाही. तुम्ही दोघं जेवून जाताय का, तेवढं सांगा."